पुण्याचा सूर्य सहाला मावळतो

दिवाळीचा आकाशकंदील उतरतो, त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्या निवतात, आणि पुण्यात घर सजवण्याच्या सल्ल्यांचा दुसरा हंगाम सुरू होतो. पुरवण्यांतून, दुकानांच्या काचांमागून, मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींतून एकच खोली पुन्हा पुन्हा समोर येते. सोफ्यावर खोट्या फरचं पांढरं पांघरूण, कोपऱ्यात पाइनच्या सुक्या फळांची टोपली, टीपॉयवर मनगटाएवढ्या जाड मेणबत्त्या, दालचिनीचा बाटलीतला वास आणि भिंतीला विजेवर चालणारी शेकोटी. घरी माणसं बोलवायची तर घर उबदार दिसलं पाहिजे, आणि तसं दिसायचं तर हे सगळं विकत आणलं पाहिजे, असा या सल्ल्याचा हिशेब आहे.

हा हिशेब चुकलेला आहे, आणि प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. तो पुण्याच्या हवेबाबत चुकतो, पुण्यातल्या घरांच्या बांधणीबाबत चुकतो, आणि सगळ्यात जास्त चुकतो तो पाहुण्याबाबत. चित्रातल्या त्या खोलीत माणूस कुठे बसणार, हेच कुणी विचारात घेतलेलं नसतं.

आधी हवा पाहू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. डेन्मार्कमध्ये ‘ह्युगे’ नावाची कल्पना आहे: बाहेर काळोख आणि गारठा असताना जवळच्या चार माणसांनी मंद उजेडात निवांत बसणं. 2016 साली माइक विकिंग यांचं त्यावरचं छोटेखानी इंग्रजी पुस्तक आलं, जगभर खपलं, आणि पुढे ही कल्पना दुकानांत वस्तूंच्या रूपाने येऊन बसली. डेन्मार्कच्या लोकांना तिची खरीच गरज आहे. कोपनहेगनमध्ये डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. सात तासांचा दिवस, तोही बऱ्याचदा ढगाळ. तिथे मेणबत्ती लावून बसणं ही चैन नव्हे. महिनोन् महिने काळोखात काढणाऱ्या माणसांनी शोधलेला तो शहाणा उपाय आहे, आणि त्याबद्दल आदरच वाटायला हवा.

पुण्यात त्याच दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर मावळतो. अकरा तास ऊन, बहुतेक दिवस आभाळ निरभ्र. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं सरासरी तापमान 11-12 अंशांपर्यंत उतरतं, पण दुपारी पारा 29-30 अंशांवर असतो. एका दिवसात सतरा-अठरा अंशांची चढउतार, ही पुण्याच्या थंडीची खरी ओळख. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून शिवाजीनगरला आलं. त्या इमारतीला पुणेकर अजूनही शिमला ऑफिस म्हणतात. या खात्याच्या पुण्यातल्या नोंदींत जानेवारी 1935 मधले 1.7 अंशही आहेत, पण तो आकडा सांगितला जातो तो अपवाद म्हणूनच. शिवाय एकाच पहाटे पाषाण किंवा एनडीएच्या बाजूला हुडहुडी भरते, तेव्हा मगरपट्टा किंवा वडगाव शेरीत पारा चार-पाच अंशांनी वर असतो. म्हणजे ‘पुण्याची थंडी’ अशी एकच एक गोष्टसुद्धा नाही. ती पेठेगणिक, उपनगरागणिक आणि तासागणिक बदलते.

अशा हवेत घर सजवायचं तर पहिला प्रश्न वेळेचा येतो. पाहुणे कधी बोलवायचे? नक्कल केलेला सल्ला गृहीत धरतो की रात्रीच, कारण तिकडच्या थंडीत रात्रीशिवाय काही उरतच नाही. पुण्यात थंडीतला सगळ्यात सुंदर वेळ सकाळी नऊ ते दुपारी बाराचा असतो. 22 डिसेंबरला भर मध्यान्ही पुण्याचा सूर्य क्षितिजापासून साधारण 48 अंशच वर चढतो आणि दक्षिणेकडे कललेला राहतो. मे महिन्यात जवळजवळ डोक्यावर येणारा हाच सूर्य डिसेंबरात दक्षिणेच्या गॅलरीतून थेट खोलीत उतरतो. ज्यांच्या घराला दक्षिणेची किंवा पूर्वेची गॅलरी आहे, त्यांच्याकडे निसर्गाने दिलेली शेगडी आहे. तिथली रिकामी खोकी आणि वाळत घातलेले कपडे हलवले, दोन चटया टाकल्या, तर रविवारी सकाळी सात-आठ माणसं उन्हात पाठ शेकत बसू शकतात. उबदार वातावरण हवं म्हणून भर सकाळी जाड पडदे ओढून आत दिव्यांच्या माळा लावायच्या, ही या ऋतूची उधळपट्टी आहे.

आता घर. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड असत. दिवसभर त्या ऊन पीत आणि रात्री हळूहळू सोडत. मधल्या चौकात ऊन उतरे आणि पाण्याचा तांब्याचा बंब पहाटेपासून धुमसत असे. भिंतीत धुराड्याची शेकोटी मात्र नव्हती. ती असे महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांत, जिथे इंग्रज आपली हवा सोबत घेऊन राहायला गेले. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात बसले, आणि त्यानंतर पुणं झपाट्याने गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहतींत आणि मग सिमेंटच्या इमारतींत राहायला गेलं. आजचा फ्लॅट थंडीत तसा गार पडत नाही. पश्चिमेची भिंत दुपारभर तापलेली असते आणि संध्याकाळी ती ऊब आत सोडत राहते. गार पडते ती फरशी. गुळगुळीत चकचकीत टाइल रात्री आठनंतर पायाला झोंबते. पुण्याच्या फ्लॅटमधली थंडी पायांतून चढते, आणि सल्ले मात्र सोफ्याच्या पाठीवर पांघरूण टाकायला सांगतात.

फरशीवरचा उपाय या प्रदेशाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जाजम, सतरंजी, घोंगडं, गोधडी. यातल्या घोंगड्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि बहुधा काळी. धनगर ती कातरतात, घरच्या बायका सूत काढतात, सनगर मागावर विणतात आणि सुताला चिंचोक्याची खळ देतात. घोंगडं अंगाला टोचतं हे खरं. पण ते खाली अंथरून वर सुती सतरंजी टाकली की टोचत नाही, आणि फरशीचा गारवा वर येऊ देत नाही. दिवाळीनंतर फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढरं घेऊन पुणे जिल्ह्यातूनच कोकणाकडे उतरतात. मेंढरांच्या त्या तळालाही ते ‘वाडा’च म्हणतात. या मेंढ्या आता मुख्यतः मटणासाठी पाळल्या जातात. राठ लोकरीला गिऱ्हाईक उरलेलं नाही, आणि कातरलेली लोकर पुष्कळदा टाकून दिली जाते. ज्या शहराच्या वेशीवरून ही लोकर चालत जाते, त्या शहरातली घरं ऊब म्हणून पॉलिएस्टरची नकली फर विकत घेतात. हे दुःखद आहे, आणि याला फॅशन म्हणून सोडून देणं बरं नाही.

गोधडीचंही तेच. आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने शिवून केलेली गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडे जिला वाकळ म्हणतात, ती बहुतेक घरांत माळ्यावर असते. पाहुणे येणार म्हटलं की ती लपवली जाते आणि सोफ्यावर दुकानातलं पांघरूण येतं. खरं तर उलट व्हायला हवं. आलेल्या मावशीने गोधडी हातात घेऊन ‘हे काठ कुणाच्या लुगड्याचे गं?’ असं विचारलं की अर्धा तास गप्पांना पुरतो.

या सल्ल्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. पुणेकरांना पाहुणचार मुळातच जमत नाही, तेव्हा बाहेरून शिकलं तर बिघडलं काय? तुसड्या पुणेकराचं चित्र इतक्या वर्षांत इतकं गिरवलं गेलं आहे की पुणेकरांनाही ते खरं वाटू लागलं आहे. पण याच शहरात पिढ्यान् पिढ्या गरीब विद्यार्थी वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. याच शहरात आषाढीच्या वाटेवरच्या पालख्या दरवर्षी मुक्कामाला असतात, नाना पेठ-भवानी पेठेत आणि आसपास किती तरी घरं अनोळखी वारकऱ्यांसाठी उघडी होतात. दुपारी बंद असणाऱ्या दुकानावरून घराचा स्वभाव ठरवणं अन्यायाचं आहे.

मात्र पुण्याच्या पाहुणचाराची बाजू घेणाऱ्याने त्याची काळी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर त्याचं म्हणणं अर्धवट ठरेल. वार लावून जेवणाऱ्या मुलाची जात पाहूनच पान मांडलं जाई. वाड्याच्या ओसरीवर कोण थांबणार, सोप्यात कोण बसणार, माजघरापर्यंत कोण येणार हे येणाऱ्याच्या जन्माने ठरलेलं असे. 1890 च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी मान राखायला कप हातात धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी ही नावं ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली, रानड्यांनीही ते घेतलं. एक कप चहा. यजमान ख्रिस्ती होते एवढंच त्याचं पाप. म्हणून जुनी घरं उबदार होती असं सरसकट कुणी म्हणू लागलं तर विचारायला हवं: कुणासाठी?

आणि हे विचारताना आणखी मागे, 1852 च्या जानेवारीपर्यंत जावं लागतं. सावित्रीबाई फुले यांनी महिला सेवा मंडळातर्फे संक्रांतीला पुण्यात तिळगूळ समारंभ घेतला. अध्यक्षस्थानी कलेक्टर जोन्स यांच्या पत्नी होत्या. निमंत्रणातच स्पष्ट केलं होतं की येणारी स्त्री कोणत्याही जातीची असो, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि हळदकुंकू, तिळगूळ देताना कसलाही भेद होणार नाही. दिवस थंडीचा आणि प्रसंग घरोघरी होणाऱ्या हळदीकुंकवाचाच, पण त्याचा सगळा अर्थ एका अंथरुणात साठवलेला होता. समारंभाची जागा कशी सजवली होती हे त्या निमंत्रणाने सांगितलं नाही. कोण कोणाशेजारी बसणार एवढं सांगितलं. थंडीतल्या पाहुणचारासाठी घर मांडू पाहणाऱ्या पुणेकराने आदर्श शोधायचा तर कोपनहेगनच्या खोलीपेक्षा हे जाजम त्याच्या कितीतरी जवळ आहे.

याचा रोजच्या मांडणीशी संबंध काय, असं कुणी म्हणेल. संबंध सरळ आहे. आजच्या दिवाणखान्यात तीन जणांचा सोफा, दोन खुर्च्या आणि मध्ये काचेचं टीपॉय असतं. पाचांची सोय होते, सहावा अवघडतो. कामाला येणाऱ्या ताई, वॉचमन, घरमालक, मुलीची मैत्रीण हे सगळे एकाच वेळी आले तर कोण सोफ्यावर आणि कोण दारात उभं, हे न बोलता ठरतं. टीपॉय बाजूला सारून, सोफा भिंतीला लावून मधोमध जाजम आणि सतरंज्या पसरल्या, भिंतीशी लोड-तक्के ठेवले, तर त्याच खोलीत पंधरा जण बसतात आणि सगळे एका पातळीवर येतात. पुण्यातल्या घरगुती मैफली वर्षानुवर्षं अशाच होत आल्या आहेत. गाण्यासाठी खोली मोकळी करायची, जाड अंथरायचं, म्हणजे आवाज घुमत नाही आणि मांडीला मांडी लावून बसलेल्यांच्या अंगानेच खोली उबते. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सवही डिसेंबरच्या थंडीतला. तो रात्रभर चालायचा त्या काळात माणसं शाली, कानटोप्या, थर्मास आणि डबे घेऊन येत आणि शेजारच्या अनोळखी माणसालाही डब्यातलं देत. त्या मंडपात सजावटीने कुणाला ऊब दिली नव्हती.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खाली बसवून ठेवणं हा पाहुणचार नव्हे. तीन-चार खुर्च्या बैठकीच्या आतच, कडेला न ढकलता ठेवाव्यात, म्हणजे आजोबा उंचावर एकटे पडत नाहीत.

सजावटीचे सल्ले आता ‘पारंपरिक’ रूपातही मिळू लागले आहेत, आणि त्यांना खोडून काढणं जास्त गरजेचं आहे, कारण ते आपल्या ओळखीचा चेहरा घालून येतात. कोपऱ्यात पितळी घंगाळ, त्यात पाणी आणि झेंडू. भिंतीवर नक्षीदार चौकटीचा तुकडा. दारात नकली वाड्याची तुळई. बंबही आता दिवाणखान्यात शोभेला येतो. वस्तू त्याच, पण त्यांचं काम काढून घेतलेलं. कसब्यातल्या तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने एकेक ठोका देत मठारकाम होतं. तिथून आणलेल्या तपेल्यात खिचडी वाढली, पातेल्यात गवती चहा उकळला, तर त्या कारागिराच्या कामाला अर्थ राहतो. राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे पाहिले तर हेच लक्षात येतं. लामणदिवा कुठे टांगायचा, समई किती उंच, याचा विचार उजेड बसलेल्या माणसाच्या तोंडावर पडावा म्हणून केलेला असे.

उजेडाचं थोडक्यात. छताच्या मधोमध लावलेला पांढराफटक ट्यूबलाइट त्या संध्याकाळपुरता बंद करावा. बल्बच्या खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन लिहिलेलं असतं तो पिवळसर; 6500 लिहिलेला निळसर पांढरा. पिवळे दोन दिवे खालच्या उंचीवर, माणसांच्या खांद्याशी येतील असे ठेवले की काम झालं. देवापुढची समई आहेच. डझनभर सुगंधी मेणबत्त्या बंद खोलीत जाळू नयेत. पुण्यात थंडीच्या रात्री गार हवा मुळा-मुठेच्या खोऱ्यात खाली बसते, वरच्या उबदार हवेचं तिच्यावर झाकण पडतं आणि धूर कोंडून राहतो. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेवर थंडीतले पुण्याच्या हवेचे आकडे कुणालाही पाहता येतात. बाहेर ही अवस्था असताना आतही काजळी करणं दम्याच्या पाहुण्यावर अन्याय आहे.

याच कारणाने गच्चीवरच्या शेकोटीचा आग्रहही सोडायला हवा. हे लिहिणं सोपं नाही, कारण शेकोटीभोवती बसण्यासारखं सुख थोडं. पण सोसायटीच्या गच्चीवर जुनं फर्निचर आणि पुठ्ठे पेटवले की त्यातलं प्लायवूड, रंग आणि प्लास्टिक यांचा धूर वरच्या मजल्यावरच्या लेकुरांच्या छातीत जातो. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवणं तर जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ज्यांना आगटीचा हुरडा खायचा आहे त्यांनी शेतावर जावं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कोवळी ज्वारीची कणसं, सुरती नाही तर गुळभेंडी, हातावर चोळून गरम गरम खाणं, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, ऊस, बोरं; त्याची जागा फ्लॅटमध्ये कशानेही भरून निघणार नाही. घरात मात्र मंडईतून सोललेला हुरडा आणून लोखंडी तव्यावर तुपाचं बोट लावून परतता येतो, आणि तो सुटा, गरम, वाटीत देता येतो.

मग राहतो वेळेचा आक्षेप, जो खरा आहे. दोघंही नोकरीला, रस्त्यावर दीड-दोन तास जातात, घर लहान; भाकऱ्या थापायला आणि सतरंज्या झाडायला कोण बसणार? त्यापेक्षा चार वस्तू मागवल्या की झालं. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही, कारण आजवरचा पुण्याचा गरमागरम पाहुणचार एका बाईच्या पाठीवर उभा राहिलेला आहे. पाहुणे लोडाला टेकून हसत असताना ती ओट्याशी उभी राहून एकामागून एक भाकरी टाकत होती. त्या बैठकीची ऊब तिच्यापर्यंत पोचली नाही. म्हणून पदार्थ असा निवडावा की तो मधोमध येऊन बसेल आणि करणारीही, किंवा करणाराही, सगळ्यांसोबत बसेल. मुगाच्या डाळीची खिचडी, वर तूप, कढी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, तिळाची चटणी. बाजरीची भाकरी हवीच असेल तर तव्यापाशी पाळी लावावी; पाहुण्यांनाही हात लावू द्यावा. भोगीची लेकुरवाळी भाजी तर अशा जेवणासाठीच जन्मलेली आहे. वाल-पावटे, गाजर, वांगं, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, तीळ. एक मोठं पातेलं आणि वीस माणसं. आणि बाजारातून पोळ्या आणल्या म्हणून कुणाचा अपमान होत नाही.

खर्चाचाही हिशेब इथेच होतो. या लेखात सांगितलेल्या वस्तूंपैकी बहुतेक घरात आहेतच. माळ्यावरची सतरंजी उन्हात टाकायची, गोधडी झटकायची, बल्ब बदलायचा.

नाताळचा तारा लावणाऱ्यांवर हा रोख नाही, हे स्पष्ट करायला हवं. कॅम्प, वानवडी, खडकी, दापोडीत ख्रिस्ती घरांत डिसेंबरला गोठा मांडला जातो, कुलकुल आणि नेवऱ्या होतात, शेजाऱ्यांकडे ताटं जातात. ते सजावटीचं अनुकरण नाही. ते त्या घरांचं स्वतःचं आहे, पुण्याचं आहे, आणि त्या ताटावर रुमाल टाकून परत तिळगूळ पाठवणारे शेजारी या शहरात अजून आहेत. पंचहौदच्या चहाला खरं उत्तर त्यांनी दिलं आहे.

हळदीकुंकवालाही आता तसंच उत्तर द्यायची वेळ आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पुण्याच्या घराघरांत बायका जमतात, वाण लुटतात, नव्या बाळाचं बोरन्हाण होतं, काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने निघतात. हलव्याला काटा यायला कोरडी थंडी लागते. मंद शेगडीवर परातीत तिळावर चमचा चमचा पाक सोडत, हाताने फिरवत बसलं की एकेका दाण्याला काटे फुटतात. वर्षातला हा एकच समारंभ पुण्याच्या हवेतून थेट उगवलेला आहे. आणि याच समारंभात नवरा गेलेल्या बाईला अनेक घरांत अजून बोलावलं जात नाही. दार सजवून, रांगोळी काढून, सुगडं मांडून शेजारच्या दारावरून पुढे जायचं, ही जी पद्धत आहे ती कोणत्याही नकली फरपेक्षा घर जास्त गार करते. सावित्रीबाईंचं जाजम 1852 चं. आता कित्येक सोसायट्यांत तिळगूळ समारंभ म्हणून सगळ्या जणींना बोलावलं जातं, वाण म्हणून पुस्तकं किंवा रोपं दिली जातात, पुरुष चहा करतात. ही मांडणी शिकण्यासारखी आहे, आणि ती पुण्यातच शिकता येते.

राहता राहिलं दार. पुण्यात पाहुणा बहुधा दुचाकीवरून येतो. सिंहगड रस्त्यावरून किंवा औंधहून अर्धा तास वारं खाऊन तो येतो, तेव्हा बोटं आखडलेली, डोळ्यांत पाणी, डोक्यावर हेल्मेट, अंगात जाकीट, बायकांच्या तोंडाला स्कार्फ. हे सगळं कुठे ठेवायचं हे त्याला कळत नाही आणि तो अवघडून उभा राहतो. दाराशी एक बाकडं, चार खुंट्या, हेल्मेटसाठी एक फळी. बाथरूममध्ये चालू असलेला गीझर, म्हणजे हात गरम पाण्याने धुता येतील. आणि बसल्या बसल्या हातात आल्याचा चहा. सजावटीच्या पैशांतले पहिले पैसे इथे घालावेत. आणि रात्री दहाला माणसं निघतात तेव्हा बाहेर 13-14 अंश असतात, गाडीवर त्याहून गार लागतं. कुणी तरी नेहमीप्रमाणे ‘मला नाही लागत थंडी’ म्हणून पातळ शर्टातच आलेलं असतं. त्याच्यासाठी एक जास्तीचा मफलर आणि एक जुनी शाल त्याच खुंटीवर टांगलेली असावी, आणि परत आणून देण्याच्या निमित्ताने त्याने पुढच्या रविवारी सकाळी गॅलरीतल्या उन्हात यावं.